किट-कारमधलं घरी जुळवलेलं इंजिन मॅनेजमेंट: ट्यूनिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये किट-कार, म्हणजे सुट्या भागांतली गाडी, स्वतःच्या गॅरेजात जुळवणाऱ्यांची जमात जुनी आहे. आता त्यात मराठी बोलणारेही भेटतात. कोणी कव्हेंट्रीच्या आसपास वाहन उद्योगात नोकरी करतं, कोणी क्रॅनफिल्ड किंवा ऑक्सफर्ड ब्रूक्सला मोटरस्पोर्ट शिकायला आलेलं असतं. ही मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. स्पॅनर धरता येतो आणि मल्टिमीटर वापरता येतो, एवढं गृहीत धरलं आहे.

किट-कारला वेगळा ईसीयू (इंजिनाचं इंधन आणि स्पार्क ठरवणारा संगणक) कशाला? जुन्या गाडीचं इंजिन घेतलं तर तिचाच का नाही वापरायचा?

वापरता येतो, आणि इंजिन अगदी मूळ अवस्थेत असेल तर तेच शहाणपणाचं. पण तसं ते फारसं राहत नाही. लोटस सेव्हन १९५७ साली आली. तेव्हा सुट्या भागांत विकलेल्या गाडीवर पर्चेस टॅक्स लागत नसे, म्हणून लोक ती घरी जुळवू लागले. १९७३ मध्ये व्हॅट आला, करातली सवलत गेली, आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. जुळवायची हौस मात्र टिकली. आज त्या घाटाच्या गाड्यांत फोर्डचं झेटेक किंवा ड्युरेटेक, माझदा एमएक्स-५ चं १.६ वा १.८, रोव्हरचं के-सिरीज, नाहीतर हायाबुसासारखं बाइकचं इंजिन बसतं.

मूळ ईसीयूला त्याच्या ओळखीचं सगळं हवं असतं: किल्लीतला इमोबिलायझर, एअर-फ्लो मीटर, कधी एबीएसचा निरोप. तुम्ही बाइकचे थ्रॉटल बॉडी (हवा कमीजास्त करणाऱ्या झडपा) लावले, एअर-फ्लो मीटर काढलं, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलला की तो गोंधळतो. मग सगळे आकडे स्वतः भरता येतील असा ईसीयू लागतो.

कोणता घ्यावा?

मेगास्क्वर्ट हा या छंदाचा पाया. ब्रूस बॉलिंग आणि अल ग्रिपो या दोन अमेरिकन इंजिनिअरांनी तो २००१ च्या सुमारास आणला, तोही स्वतः सोल्डर करायच्या किटच्या रूपात. स्पीडुइनो हा अर्डुइनो मेगा २५६० वर चालणारा मुक्त प्रकल्प आहे. तो स्वस्त आहे, कोड वाचता येतो, हवा तर बदलताही येतो. दोन्हींसाठी लॅपटॉपवर ट्यूनरस्टुडिओच वापरतात, त्यामुळे एकावर शिकलेलं दुसऱ्यावर वाया जात नाही. कार्ब्युरेटर ठेवून फक्त इग्निशन सुधारायचं असेल तर फोर्डच्या ईडीआयएस या इग्निशन मॉड्यूलवर मेगाजोल्ट हा फक्त टायमिंग ठरवणारा ईसीयू बसवा. त्याचा एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. मेगाजोल्ट बंद पडलं तरी ईडीआयएस आपणहून १० अंशांवर (पिस्टन वर पोचण्याआधी क्रँकचे इतके अंश) स्पार्क देत राहतं, आणि रखडत का होईना, गाडी घरी येते.

माझं मत विचाराल तर, जवळचा रोलिंग रोडवाला (गाडी रोलरांवर चालवून ताकद मोजणारा) जे हाताळतो ते घ्या. फीचर्सची यादी कितीही लांब असली, तरी शेवटचं ट्यूनिंग करून देणाऱ्या माणसाला ती प्रणाली नवखी असेल तर तासाचे पैसे त्याच्या शिकण्यात जातात.

पहिल्यांदा स्टार्टर मारण्याआधी काय तपासायचं?

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. हवा-पेट्रोलचं मिश्रण बिघडलंय म्हणून लोक जे लॉग (ईसीयूच्या नोंदी) पाठवतात, त्यांतल्या बहुतेकांत मिश्रणाचा दोष नसतोच. ईसीयूला मिळणारी माहितीच खोटी असते. टेबलातले, म्हणजे आरपीएम आणि भारानुसार भरलेल्या तक्त्यातले, आकडे नंतर कधीही बदलता येतात. चुकीच्या सेन्सरवर जुळवलेलं टेबल मात्र सेन्सर दुरुस्त झाला की पुन्हा शून्यापासून करावं लागतं.

आधी प्लग काढा, इंजेक्टरांचे कनेक्टर काढा आणि फक्त क्रँक फिरवा. ट्यूनरस्टुडिओच्या टूथ लॉगरमध्ये ट्रिगर व्हील, म्हणजे क्रँकसोबत फिरणारं दातेरी चाक, दिसतं. फोर्डच्या ३६-१ चाकाला पस्तीस दात आणि एक मोकळी जागा असते. आलेखातली प्रत्येक काडी म्हणजे दोन दातांमधला वेळ. सारख्या उंचीच्या चौतीस काड्या आणि मग एक उंच काडी, असं चित्र दर फेरीला हुबेहूब तसंच यायला हवं. उंच काडीच्या शेजारी अर्धवट उंचीची दुसरी काडी दिसली, तर व्हीआर सेन्सरच्या (दात ओळखणाऱ्या चुंबकीय सेन्सरच्या) दोन तारा बहुधा उलट जोडल्या आहेत. अशी गाडी सुरू होतेसुद्धा, आणि मग ३००० वर मिस मारते. तोवर तुम्ही इंधनाच्या टेबलाशी झगडत बसलेले असता.

मग तापमानाचे सेन्सर बघा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कूलंट आणि इंटेकची हवा दोन्ही जवळपास सारखं तापमान दाखवतात. एक १२ आणि दुसरं ३१ म्हणत असेल, तर कॅलिब्रेशन चुकलंय. इंजिन बंद असताना मॅप सेन्सरने (इंटेकमधला दाब मोजणाऱ्या) त्या दिवशीचा हवेचा दाब दाखवायला हवा, समुद्रसपाटीजवळ साधारण १०० किलोपास्कल. थ्रॉटल सेन्सर शून्यापासून शंभरपर्यंत मध्ये उडी न मारता चढला पाहिजे.

शेवटचं कॉइल. स्पार्क आउटपुटची दिशा उलटी निवडली गेली, तर कॉइल सतत चार्ज होत राहते आणि काही मिनिटांत जळते. इग्निशन ऑन करून दोन मिनिटांनी कॉइलला हात लावून बघा. इंजिन फिरत नसताना ती थंडच असली पाहिजे.

इंजिन धरल्यावर टायमिंग एका आकड्यावर लॉक करा, समजा १० अंश, आणि टायमिंग लाइटने पुलीवर तपासा. ईसीयू १० म्हणतो म्हणून तिथे १० असतीलच असं नाही. आरपीएम वाढवल्यावर खूण सरकू लागली, तर ट्रिगरच्या सेटिंगमध्येच गडबड आहे. वेस्टेड स्पार्क (प्लगला दर फेरीला ठिणगी देणारी रचना) असेल तर डायलवाला टायमिंग लाइट फसतो, कारण त्याला स्पार्क दुप्पट दिसतात. त्याचा डायल शून्यावर ठेवा आणि पुलीवरच अंश आखून घ्या.

रिक्वायर्ड फ्युएलचा (लागणाऱ्या पेट्रोलसाठी इंजेक्टर किती वेळ उघडा हवा त्याचा) आकडा कुठून येतो? इंजेक्टर पुरेसे आहेत का, हे कसं कळतं?

सॉफ्टवेअर तो काढून देतं, पण एकदा हाताने करून बघा. १८०० सीसीचं चार सिलिंडरी इंजिन धरू. एका सिलिंडरमध्ये ४५० सीसी हवा, म्हणजे लिटरला १.२ ग्रॅम धरून ०.५४ ग्रॅम. पेट्रोलच्या १४.७ पट हवा लागते, म्हणून १४.७ ने भागलं की पेट्रोल लागतं जेमतेम ०.०३७ ग्रॅम. मिनिटाला २४० सीसीचा इंजेक्टर सेकंदाला ४ सीसी, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम सोडतो. तेव्हा तो साधारण १२ मिलिसेकंद उघडा हवा.

आता ७००० आरपीएमला बघा. चार स्ट्रोकचं एक चक्र १७ मिलिसेकंदांत संपतं. तिथे व्हीई (सिलिंडर प्रत्यक्षात किती भरतो) ९० टक्के, मिश्रण पूर्ण ताकदीचं म्हणजे थोडं रिच (जास्त पेट्रोलचं), वर इंजेक्टर उघडायला लागणारा एक मिलिसेकंद मिळवला, तर पल्स १४ च्या आसपास जातो. ड्युटी सायकल, म्हणजे चक्रातला इंजेक्टर उघडा असण्याचा वाटा, ८० टक्के झाली. ८५ च्या खाली आहे, म्हणजे चालेल. पुढे कॅम बदलायचा विचार असेल तर मोठे इंजेक्टर आत्ताच घ्या.

रेडिएटरचा फॅन लागला की आयडल का घसरतं?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्यात इंजेक्टरचं सगळं वागणं एका जागी दिसतं. आयडलला पूर्ण पल्स अडीच मिलिसेकंदांच्या आसपास असतो. त्यातला सुमारे एक मिलिसेकंद सुई उचलण्यातच जातो, पेट्रोल पडतं ते उरलेल्या दीडमध्ये. फॅन लागल्यावर व्होल्टेज १४ वरून १२.५ वर आलं की सुई उचलायला थोडा जास्त वेळ लागतो. ०.२ मिलिसेकंद ही फुल थ्रॉटलला नगण्य गोष्ट, पण दीडमधून ०.२ गेले तर मिश्रण एकदम लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. व्होल्टेजनुसार डेड टाइमचा, म्हणजे सुई उचलण्यात जाणाऱ्या या वेळेचा, तक्ता नीट भरा. तपासायची रीत सोपी: इंजिन गरम, आयडल स्थिर, हेडलाइट आणि फॅन लावा आणि वाइडबँडचा (एग्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरचा) आकडा हलतो का ते बघा.

स्पीड-डेन्सिटी ठेवू की अल्फा-एन?

एकच थ्रॉटल आणि प्लेनम (सगळ्या सिलिंडरांची सामाईक हवेची पेटी) असेल तर स्पीड-डेन्सिटी, म्हणजे मॅप सेन्सरच्या दाबावर आधारलेलं टेबल. फार विचार नको. प्रश्न येतो तो प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल असताना. जीएसएक्सआरचे थ्रॉटल बॉडी लावले की प्लेनम उरत नाही. थोडं थ्रॉटल उघडताच मॅप सेन्सरचा आकडा जवळजवळ वातावरणाच्या दाबाला टेकतो आणि पुढच्या सगळ्या थ्रॉटलसाठी टेबलाची एकच ओळ उरते. म्हणून तिथे अल्फा-एन, म्हणजे थ्रॉटलच्या कोनावर आधारलेलं टेबल. त्याची उणीव अशी की थ्रॉटलच्या पहिल्या पाच-सात टक्क्यांत हवा झपाट्याने वाढते. टेबलाच्या ओळी तिथे दाट ठेवाव्या लागतात: ०, १.५, ३, ५, ८ अशा. वरच्या टोकाला ६० आणि १०० मध्ये एखादी ओळ पुरते.

मेगास्क्वर्टच्या नव्या फर्मवेअरमध्ये दोन्ही मिसळणारा आयटीबी (स्वतंत्र थ्रॉटलचा) मोड आहे. तो वापरायचा तर चारही नळ्यांतून बारीक पाइप काढून एका लहान डबीत आणा आणि मॅप सेन्सरचा दाब तिथून घ्या. त्याआधी चारही थ्रॉटल सिंक्रोमीटरने बॅलन्स करा. एक सिलिंडर जास्त हवा घेत असेल, तर सरासरी दाखवणारा वाइडबँड तुम्हाला काहीच सांगणार नाही.

वाइडबँडवर किती विश्वास ठेवायचा?

बॉशचा एलएसयू ४.९ आणि त्याचा चांगला कंट्रोलर असेल तर बराच. पण तो ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल नाही. सिलिंडरने ठोका चुकवला तर न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि आकडा लीन दिसतो. तुम्ही पेट्रोल वाढवता, प्लग आणखी भिजतो, आकडा आणखी लीन होतो. एग्झॉस्टच्या जोडातून हवा आत आली तरी तसंच. शर्यतीच्या घाटाच्या कॅमच्या इंजिनाला आयडलला लीन आकडा दिसणं नेहमीचंच. तिथे कान वापरा आणि इंजिन जिथे शांत चालतं तिथे सोडा.

सेन्सर आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर तोंड करून बसवा, नाहीतर थंडीत साचलेलं पाणी त्याच्या गरम सिरॅमिकवर जाऊन ते तडकतं. करंट न देता तो चालू इंजिनाच्या एग्झॉस्टमध्ये ठेवू नका. आणि गेज व ट्यूनरस्टुडिओ यांचे आकडे जुळतात का, हे नक्की बघा. अर्थिंगची तार वेगवेगळ्या जागी दिली असेल तर अर्ध्या एएफआरचा (हवा-पेट्रोल प्रमाणाचा) फरक सहज पडतो.

मिश्रण किती ठेवायचं?

नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या इंजिनासाठी: आयडल १३.५ ते १४.५, सावकाश चालताना १४.७ किंवा जरा लीन, फुल थ्रॉटल १२.६ ते १३. टर्बो असेल तर दाबाखाली ११.५ ते १२. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर क्रूझला (एकसारख्या वेगाला) लॅम्डा १ च धरा, म्हणजे हवा आणि पेट्रोल अगदी समतोल.

हे आकडे शुद्ध पेट्रोलच्या मापातले आहेत. सप्टेंबर २०२१ पासून ग्रेट ब्रिटनच्या पंपांवर ९५ ऑक्टेनचं पेट्रोल ई१० आहे, त्याचं समतोल मिश्रण १४.१ च्या जवळ येतं. भारतातल्या ई२० चं आणखी खाली, साडेतेराच्या आसपास. म्हणून गेज लॅम्डात लावून घ्या. इंधन कोणतंही असो, लॅम्डा १ म्हणजे १.

ऑटोट्यून लावून तासभर फिरलो तर टेबल तयार होईल का?

मधला भाग होईल. ऑटोट्यून (वाइडबँड बघून टेबल आपोआप सुधारणारी सोय) जिथे गाडी जाते, टेबलाचे तिथलेच चौकोन सुधारतं, आणि सेव्हनसारखी जेमतेम पाच-सहाशे किलोची गाडी रस्त्यावर फार थोड्या चौकोनांत फिरते. इंजिनावर भारच पडत नाही. तासाभराने टेबलाच्या मधोमध एक सुधारलेलं बेट उभं राहतं आणि त्याच्या कडेला कडा. थ्रॉटल त्या कड्यावरून गेलं की गाडी धक्का देते. त्रिमितीय आलेख उघडा, आजूबाजूचे चौकोन त्याच कलाने हाताने उचला, मग दुसरी फेरी.

कूलंट ७० अंशांच्या वर असल्याशिवाय, आणि अ‍ॅक्सिलरेशन एनरिचमेंट (थ्रॉटल दाबल्यावर दिलेली पेट्रोलची तात्पुरती भर) चालू असताना, ऑटोट्यूनला हात लावू देऊ नका. बदलाची मर्यादा सुरुवातीला २० टक्के, नंतर ५. आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन स्वतः गाडी चालवायची नाही. शेजारी दुसरा माणूस बसवा, किंवा एअरफिल्डवर ट्रॅक डे गाठा.

टायमिंगही घरीच करता येतं का?

सुरक्षित टेबल घरी, शेवटचे अंश रोलिंग रोडवर. मिश्रण चुकलं तर वाइडबँड लगेच सांगतो. टायमिंग चुकलं तर सांगणारं गेज गाडीत नसतं, आणि उघड्या सेव्हनमध्ये वाऱ्याच्या आवाजात नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटल्याची ठकठक) ऐकू येणं कठीण. चार व्हॉल्व्हच्या इंजिनाला आयडलला १० ते १५, हलक्या क्रूझला ३५ ते ४०, फुल थ्रॉटलला वरच्या आरपीएमवर २६ ते २८ अंश, आणि खालच्या आरपीएमला त्याहून बरेच कमी, अशी सुरुवात करा. जुन्या दोन व्हॉल्व्हच्या पिंटो किंवा क्रॉसफ्लोला वरती तीसच्या पुढे लागतात.

रोलिंग रोडवर दोन अंश वाढवून टॉर्क वाढला नाही, तर ते दोन अंश परत घ्या, नॉकिंग नसलं तरी.

थ्रॉटल दाबलं की गाडी आधी गुदमरते, मग पळते.

आधी मूळ टेबल बरोबर आहे याची खात्री करा. टेबल तिथे लीन असेल तर अ‍ॅक्सिलरेशन एनरिचमेंट कितीही वाढवा, झटका राहतोच. मग लॉगमध्ये थ्रॉटल आणि एएफआर एकाखाली एक ठेवून बघा. वाइडबँडपर्यंत धूर पोचायला वेळ लागतो, म्हणून एएफआरची हालचाल थोडी उशिरा दिसते. थ्रॉटलनंतर आधी लीन टोक आलं तर भर कमी पडतेय. आधी बरोबर आणि नंतर रिच खड्डा दिसला तर भर जास्त वेळ चालतेय.

सकाळी सुरू होते, पण पेट्रोल भरून आल्यावर होत नाही.

हा किट-कारचा खास आजार. बॉनेटखाली जागा कमी, हवा खेळत नाही. गाडी दहा मिनिटं उभी राहिली की इंटेकमधला सेन्सर आजूबाजूच्या धातूने तापतो आणि हवा ६० अंशांची आहे असं सांगतो. ईसीयू हवा विरळ समजून पेट्रोल कापतो, प्रत्यक्षात आत येणारी हवा थंडच असते. सेन्सर प्लेनममधून काढून फिल्टरजवळ, थेट वाऱ्यात बसवा. तेवढ्याने भागलं नाही तर हवेच्या तापमानानुसार होणारी इंधनाची दुरुस्ती गरम टोकाला सौम्य करा.

थंड स्टार्टसाठी मात्र धीर लागतो. इंजिन पूर्ण थंड व्हायला रात्र जाते, म्हणून दिवसाला एकच खरी संधी मिळते. एका सकाळी एकच आकडा बदला आणि लिहून ठेवा.

लॅपटॉपचं कनेक्शन मध्येच तुटतं, आरपीएमचा काटा क्षणभर आभाळाला भिडतो.

विजेचा गोंगाट. आधी प्लगचा कोड वाचा. एनजीकेच्या कोडमध्ये आर असेल तरच तो रेझिस्टर प्लग: बीपीआर६ईएस चालेल, बीपी६ईएस नाही. मग हाय टेन्शन लीड. मग अर्थिंग: सेन्सरांचा अर्थ ईसीयूकडेच परत गेला पाहिजे, चॅसीला मध्येच कुठे चिकटवलेला नको. क्रँक सेन्सरची शील्ड एकाच टोकाला जोडा. फायबरग्लासच्या बॉडीत धातूची परत नसते, त्यामुळे स्टीलच्या गाडीत खपून जाणारी वायरिंग इथे त्रास देते.

राउंडअबाउटवर वळताना गाडी एकदम दम सोडते. मॅप (ईसीयूत भरलेली टेबलं) बदलू?

नका. टाकीत पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि पंपाला हवा मिळते. लॉगमध्ये फक्त वळणातच लीन टोक दिसेल, सरळ रस्त्यावर त्याच चौकोनात सगळं ठीक. स्वर्ल पॉट, म्हणजे पंपाआधी पेट्रोल साठवणारी छोटी टाकी, बसवा.

आयव्हीए तपासणीसाठी काय जुळवावं?

ब्रिटनमध्ये एकट्यादुकट्या गाडीला रस्त्यावर आणण्याची ही मंजुरी २००९ मध्ये जुन्या एसव्हीएच्या जागी आली. धुराची मर्यादा इंजिनाच्या वयावर ठरते, म्हणून वयाचा पुरावा आधी गोळा करा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची चाचणी लागू असेल तर वाढवलेल्या आयडलला सीओ ०.२ टक्क्याच्या आत आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ मध्ये हवा. क्लोज्ड लूप (ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयूने मिश्रण सुधारणं) चालू ठेवा आणि कॅट गरम करूनच आत जा. थंड कॅटने नापास झालेल्या गाड्यांत मॅपचा काही दोष नसतो.

भारतात हे करता येतं का?

रस्त्यावरच्या गाडीत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेपासून फारकत घेऊ देत नाही. पण कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या गाडी-स्पर्धेत आपली कॉलेजची मुलं नेमकं हेच करतात. बजाजच्या चाकणच्या कारखान्यात बनणाऱ्या केटीएम ३९० चं ३७३ सीसीचं इंजिन या गाड्यांत बरंच दिसतं. त्यात दोन अडचणी. नियमाने सगळी हवा २० मिलिमीटरच्या रिस्ट्रिक्टरमधून जाते. सरासरी प्रवाहाला ते भोक पुरतं, पण सिलिंडर एकच असल्याने सगळी हवा एका इंटेक स्ट्रोकमध्ये ओढली जाते आणि त्या क्षणी भोक अपुरं पडतं. मोठा प्लेनम लागतो तो त्यासाठी. दुसरं, एका सिलिंडरचा मॅप सेन्सरचा सिग्नल प्रचंड वरखाली होतो. तो क्रँकच्या ठरावीक कोनातच वाचायला सांगा, नाहीतर आयडलचा भार दर क्षणी वेगळा दिसेल.

दुसऱ्याच्या गाडीचा मॅप घेतला तर?

सुरुवातीला घ्या, जरूर. इंजिन, कॅम आणि थ्रॉटल तेच असतील तर इग्निशनच्या टेबलाचा आकार कामाला येतो. इंजेक्टर, सेन्सर कॅलिब्रेशन आणि ट्रिगरचा कोन मात्र तुमचेच भरा. मॅप देणाऱ्याने तो कोणत्या फर्मवेअरवर केला हे विचारा. जुनी फाइल नव्या फर्मवेअरमध्ये उघडताना ट्यूनरस्टुडिओ फरकांची यादी दाखवतं, ती न वाचता ओके दाबू नका.

मदत मागताना काय पाठवायचं?

ट्यून फाइल आणि लॉग, दोन्ही. नुसता स्क्रीनशॉट पाठवला तर उत्तर देणारा अंदाजच करणार. लॉग थंड इंजिनापासून गरम होईपर्यंतचा हवा, आणि ज्या क्षणी त्रास होतो तिथे स्पेसबार दाबून खूण केलेली. सोबत इंजिन, इंजेक्टरचा नंबर, फ्युएल प्रेशर आणि ट्रिगर व्हीलचे दात लिहा. त्रास सुरू होण्याआधी शेवटी काय बदललं होतं, तेही लिहा, त्याचा काही संबंध नाही असं वाटत असलं तरी.